चित्रकाराने काय सोडलं, ते आधी बघ

प्रश्न विचारणारी मुलगी सोलापूरचीच आहे, अक्कलकोट रोडकडची. बारावी झालीय, बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, सीईटीची तयारी चाललीय. तिने लिहिलंय: "सर, इम्प्रेशनिझम, क्युबिझम, सररिअ‍ॅलिझम, सगळे वाद सालांसकट पाठ केलेत. पण समोर चित्र आलं की कुठलं कशातलं ते कळतच नाही. आणि बाबा चादरीच्या कारखान्यात डिझाइन करतात. ते म्हणतात, असली चित्रं आपला बारकापण काढेल. त्यांना काय सांगू?"

तुझे हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण उत्तर एकच आहे आणि त्यातलं निम्मं तुझ्या बाबांच्या टेबलावर आहे. मी सत्तावीस वर्षं या गावात चित्रकला शिकवतोय, एलिमेंटरीच्या पोरांपासून बीएफएला जाणाऱ्यांपर्यंत. वादांची यादी पाठ करून चित्र ओळखता आलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

आधी बाबांचं काम बघू. चादरीवरचा मोर तू जन्मापासून बघतेस, पण त्याचा ग्राफ, म्हणजे विणण्याआधी चौकटीच्या कागदावर घरं भरून काढलेला नमुना, कधी नाक टेकवून बघितलायस का? मोराची मान वळणदार आणि कागदावरची घरं चौकोनी. त्यामुळे मान पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरते. कुठली पायरी दोन घरांची घ्यायची, कुठली तीन घरांची, यावर ती मान वाटणार की जिना वाटणार हे ठरतं. पिसाऱ्यातली हिरवी-निळी-सोनेरी झळाळी धाग्यात उतरत नाही, ती दोन-तीन रंगांवर भागवावी लागते. पायाची नखं जातात. पंखांवरची बारीक रेघ जाते. पण डोक्यावरचा तुरा जात नाही, कारण तुरा गेला की मोर मोर राहत नाही. काय सोडायचं आणि काय मेलं तरी सोडायचं नाही, हे बाबा रोज ठरवतात.

आधुनिक चित्रकलेच्या दीडशे वर्षांत हेच झालं. म्हणून चित्रासमोर उभी राहिलीस की वादाचं नाव आठवू नकोस. आधी विचार, या माणसाने काय सोडलंय? मग विचार, ते सोडल्यामुळे त्याला काय मिळालं?

सोडण्याआधी हातात काय होतं तेही माहीत पाहिजे. त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या औंधला एकदा जाऊन ये. तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत. बघताना चार गोष्टी टिपून घे. बघणाऱ्याचा डोळा एका जागी खिळलेला आहे. उजेड एका बाजूने येतो. अंगाचा रंग अंगासारखा आणि शालूचा शालूसारखा आहे. आणि चित्र काहीतरी गोष्ट सांगतं. युरोपातल्या चित्रशाळांत शेकडो वर्षं हेच शिकवलं गेलं आणि १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाल्यावर आपल्याकडेही तेच आलं. या चार गोष्टी पुढे एकेक करून सुटत गेल्या.

पुस्तकात कारण दिलेलं असतं की १८३९ साली कॅमेरा आला, म्हणून चित्रकारांनी हुबेहूब काढणं सोडलं. ते खरं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. दोन कारणं आणखी आहेत. एक, १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायची कथलाची ट्यूब काढली. त्याआधी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, तो घेऊन उन्हातान्हात हिंडणं अवघड होतं. ट्यूब आली आणि चित्रकार घराबाहेर पडले. दुसरं कारण थेट आपल्या धंद्यातलं आहे. हे बाबांना नक्की वाचून दाखव.

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा मोठा विणकामाचा कारखाना होता, भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणणारा. तिथल्या रंगाईखात्यावर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो, निळ्या-जांभळ्या भागात तर त्याला दमच राहत नाही. त्यांनी दुसरीकडची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती. निळ्याजवळ बसलेला काळा डोळ्याला वेगळा दिसतो, कारण शेजारी बसलेले दोन रंग एकमेकांचं रूप बदलतात. यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, तोही १८३९ सालीच. लाल काठाला लागून हिरवा घेतला की दोन्ही रंग भडकून उठतात, हे सोलापुरातला कुठलाही डिझायनर न शिकता सांगेल. पॅरिसच्या चित्रकारांना ते शेव्रलच्या ग्रंथाने सांगितलं आणि त्यावर चित्रकलेची एक आख्खी पिढी उभी राहिली.

ती पिढी म्हणजे इम्प्रेशनिझम, आपल्या मराठी पुस्तकातला दृक्प्रत्ययवाद. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरच्या रिकाम्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोने यांचं धुक्यातल्या बंदराचं चित्र होतं, नावात 'इम्प्रेशन' हा शब्द असलेलं. एका समीक्षकाने टिंगल म्हणून तोच शब्द उचलला आणि तेच नाव पडलं. यांनी काय सोडलं? गोष्ट सोडली, काळी सावली सोडली, वस्तूची ठाम कड सोडली. मिळालं काय? त्या घटकेचा उजेड.

मोने यांनी १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या धान्याच्या गंज्या रंगवल्या, पंचवीसच्या आसपास चित्रं. मंगळवेढ्याकडे जाताना रानात कडब्याच्या गंज्या दिसतात ना, तसाच साधा विषय. उजेड बदलला की ते हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचे. म्हणजे विषय गंजी नाहीच, सकाळ आणि संध्याकाळ हा विषय आहे.

आपल्याकडे हे करून बघणं फार सोपं आहे, कारण ऊन आपल्याकडे भरपूर. मे महिन्यात दुपारी एखाद्या पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर पडलेली कडुलिंबाची सावली बघ. काळी म्हणून रंगवायला बसशील आणि थांबशील. ती निळसर आहे, कडेला जांभळट आहे, आणि जमिनीजवळ तांबड्या मातीचा रंग तिच्यात चढलाय. वर्गात मी दरवर्षी काळी ट्यूब महिनाभर काढून घेतो. पोरं रडकुंडीला येतात, मग त्यांना सावल्या दिसायला लागतात.

जॉर्ज सरा यांनी हाच विचार टोकाला नेला. रविवारी नदीकाठी विसावलेली माणसं, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद कॅनव्हास, १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षं, आणि सगळं रंगाच्या बारीक ठिपक्यांनी. रंग पॅलेटवर कालवायचा नाही, शेजारी शेजारी ठेवायचा, मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. घरातली एखादी चादर घे, ताणा लाल आणि बाणा पिवळा आहे असा भाग शोध. हातभरावरून लाल आणि पिवळा सुटे दिसतात. खोलीच्या त्या टोकाला जाऊन वळून बघ, नारिंगी दिसेल. त्या चादरीत नारिंगी धागा एकही नाही.

यानंतरची तीन माणसं, व्हॅन गॉग, गोगँ आणि सेझान, यांना पुस्तकं एकाच खान्यात टाकतात. ते मला पटत नाही, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सोडल्या. गोगँनी खोली आणि सावली सोडली आणि सपाट रंग घेतला, तो ताहितीची चित्रं बघितलीस की कळेल. व्हॅन गॉगवर मात्र मी जरा थांबतो. सूर्यफुलं आणि तारांकित रात्र तुला माहीत असतील. त्याच्या आधी, १८८४ साली, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात त्याने हातमागावरचे विणकर रंगवले, एकामागून एक कितीतरी. अंधारी खोली, मोठाला काळपट लाकडी माग आणि त्याच्या सांगाड्यात बसलेला एक माणूस. माग माणसापेक्षा मोठा दिसतो, जणू मागानेच त्याला धरून ठेवलंय. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांत हातमागावर बसलेली म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिलीत, त्यामुळे ती चित्रं मला परकी वाटली नाहीत. रंगांच्या जोड्या तपासायला तो लाखेच्या एका पेटीत रंगीत लोकरीचे गुंडे ठेवायचा, दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले. ती पेटी ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात जपून ठेवलीय. पुढे त्याने रंगाचा खरेपणाच सोडला. आकाश जसं आहे तसं नको, त्याला जसं वाटतंय तसं. तिथून अभिव्यक्तिवादाची वाट निघते. मुंक यांची १८९३ ची 'किंकाळी' बघ, पाणी, आकाश सगळं त्या एका चेहऱ्याच्या भीतीने वाकलंय. १९०५ पासून जर्मनीतले चित्रकार याच वाटेने गेले.

त्याच १९०५ साली पॅरिसमध्ये मातीस आणि त्याच्या मित्रांना एका समीक्षकाने रानटी जनावरं म्हटलं, त्यावरून फोविझम. मराठीत रंगभारवाद. मातीसने बायकोचं एक चित्र केलंय, कपाळापासून हनुवटीपर्यंत नाकावरून सरळ हिरवा पट्टा. बघताक्षणी विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यामधली हद्द त्याने त्या एका पट्ट्यात आखली आहे. छटा सोडल्या, पण चेहऱ्याचा घाट सोडला नाही. मातीस पिढीजात विणकरांच्या घराण्यातला, कापडगिरण्यांच्या गावात वाढलेला. देशोदेशीच्या कापडांचा साठा तो आयुष्यभर जवळ बाळगून होता.

आता घनवाद, क्युबिझम. इथेच सगळे अडखळतात, म्हणून सावकाश सांगतो.

वस्तुचित्राचा पेपर आठव. टेबलावर तांब्या आहे. आपण सांगतो, जागा सोडू नका, मान हलवू नका, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्या. मग तांब्याचं तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसतं आणि बूड जरा जास्त गोलाईचं. एलिमेंटरीचं नवं पोर मात्र काय काढतं? तोंड पूर्ण गोल, वरून बघितल्यासारखं, आणि बूड सरळ रेघेचं, समोरून बघितल्यासारखं. आपण त्याचे मार्क कापतो. पण ते पोर खोटं बोलत नसतं. तांब्याचं तोंड गोल असतं हे त्याला हात घालून माहीत आहे, आणि तो टेबलावर सपाट बसतो हेही माहीत आहे. त्याने दोन जागांवरून बघून एकच चित्र काढलेलं असतं.

सेझान म्हातारपणी सफरचंदं आणि टेबलं रंगवताना असाच एका जागेवरून दुसरीकडे सरकत होता. त्याच्या चित्रांतल्या टेबलाच्या कडा चादरीखालून एका बाजूला निघतात आणि पलीकडे जुळत नाहीत. तो १९०६ मध्ये गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, आणि तेव्हाच्या तरुण चित्रकारांनी ते डोळ्यांत साठवून घेतलं. पिकासो आणि ब्राक यांनी मग एका जागी खिळलेला डोळाच सोडून दिला. वस्तूभोवती फिरून जे जे दिसलं ते फोडून एकाच पृष्ठभागावर मांडलं. १९१०-११ ची ती चित्रं राखाडी-तपकिरी का आहेत, असं मुलं विचारतात. रंग ठेवला असता तर या तुकड्यांच्या गुंत्यात नजर भलतीकडेच गेली असती, म्हणून तोही सोडला. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचं छापील कापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि कडेला खरीखुरी दोरी लावली. कोलाज चित्रकलेत शिरलं ते इथून.

चादरीवरच्या मोराकडे आता पुन्हा बघ. अंग एका बाजूने, पिसारा मात्र पूर्ण समोरून उघडलेला. वारली चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवतीचं नाचाचं वेटोळं वरून दिसतं, नाचणारी माणसं समोरून. आपल्या डोळ्याला दोन जागा नव्या नाहीत. म्हणून बाबा घनवादी ठरतात, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ती चाल आधीपासूनच होती, पिकासोला चारशे वर्षांची पक्की सवय मोडून तिथे यावं लागलं. ती मोडताना जे घर्षण झालं ते त्या चित्रांत दिसतं. १९३७ चं 'गेर्निका' बघ. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब, फक्त काळा-पांढरा-करडा, बॉम्बहल्ल्यात चिरडलेलं गाव. तुटलेली शरीरं दाखवायला तुटलेली रेघच लागली.

आता तुझ्या बाबांचा खरा मुद्दा, अमूर्त चित्रं. कान्डिन्स्की १८९६ साली मॉस्कोत एका चित्रासमोर उभा होता आणि ते कशाचं आहे हे त्याला कळेना. कॅटलॉग उघडल्यावर कळलं, गंजी आहे. मोनेचीच. वस्तू न ओळखताही चित्र आपल्याला धरून ठेवतं, हे त्याच्या मनात राहिलं आणि १९१० नंतर त्याने वस्तू पूर्ण सोडली. मालेविचने १९१५ मध्ये पांढऱ्यावर काळा चौकोन काढला आणि रशियन घरात देवाचं चित्र लावतात त्या वरच्या कोपऱ्यात टांगला. तो चौकोन बारका काढू शकेल, हे मी मान्य करतो. पण मोन्द्रिआनची झाडं बाबांना एका ओळीत लावून दाखव. १९०८ च्या सुमाराचं लाल झाड, फांद्या न् फांद्या दिसतात. १९११ चं करडं झाड, फांद्यांच्या कमानी झाल्यात. १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड, नाव वाचलं नाही तर झाड कळणार नाही. आणि १९३० मध्ये काळ्या आडव्या-उभ्या पट्ट्या, लाल, निळा, पिवळा. बावीस वर्षं तो माणूस एकेक गोष्ट खाली ठेवत गेला. बारका शेवटची पट्टी काढेल, पण ती कुठे थांबवायची हे त्याला माहीत नसेल. ग्राफवरची मोराची मान एका घराने चुकली तर काय होतं, ते बाबांना विचार. मोन्द्रिआनची पट्टी बोटभर सरकवून बघितली तरी तेच होतं.

दादावाद, अतिवास्तववाद (तुझा सररिअ‍ॅलिझम) आणि पॉप आर्ट भराभर सांगतो, कारण ते ओळखायला सोपे आहेत. दादा १९१६ मध्ये झुरिकमध्ये सुरू झाला, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत. त्यांनी कारागिरीच सोडली. १९१७ साली द्युशाँने दुकानातली मुतारी प्रदर्शनाला पाठवली. १९२४ पासून अतिवास्तववाद. इथे परीक्षेत हमखास घोटाळा होतो, म्हणून लक्षात ठेव, दाली किंवा माग्रित यांनी रंगवण्याची पद्धत जुनीच ठेवली, गुळगुळीत, सावलीसकट. सोडला तो तर्क. वितळणाऱ्या घड्याळांचं दालीचं चित्र ए-फोर कागदाहून थोडंच मोठं आहे आणि एखाद्या लघुचित्राइतकं बारकाईने केलंय. अमेरिकेत पोलॉकने १९४७ पासून कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंग ओघळवला, म्हणजे ब्रशचा स्पर्श सोडला. आणि १९६२ मध्ये पॉप आर्टवाल्या वॉरहॉलने सुपाच्या डब्यांची बत्तीस चित्रं मांडली, 'एकमेव' असण्याचा आग्रहच सोडून.

आपल्याकडे या. १९२२ साली कलकत्त्यात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं होतं, कान्डिन्स्की आणि क्ले यांची चित्रं तेव्हाच भारतात येऊन गेली. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप झाला, सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला जन्मले. मुंबईत ते सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. दहा-पंधरा फुटांचा चेहरा रस्त्यावरून ओळखू आला पाहिजे, म्हणून बारीक छटा सोडायच्या आणि जाड, धावती रेघ ठेवायची. त्यांच्या घोड्यांची रेघ मला तिथूनच आलेली दिसते.

नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा नको होता, कारण कशातून तरी वस्तू काढून टाकली असा त्याचा अर्थ होतो. ते रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण करायचे. विशीत असताना मी त्यांच्या एका चित्रासमोरून अर्ध्या मिनिटात पुढे गेलो होतो. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या एका चित्रासमोर बाकावर बसलो, तेव्हा दहा मिनिटांनी त्या करड्या पृष्ठभागातून खालचा रंग वर येताना दिसायला लागला, सकाळी धुकं उठताना तलाव दिसावा तसा.

आणि प्रभाकर बरवे. हे नाव बाबांसाठी. जे. जे.मधून बाहेर पडल्यावर १९६१ पासून १९८२ पर्यंत ते सरकारी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईला. हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्या चित्रांत एक पान, एक घड्याळ, एखादा चिमटा, बाजूला भरपूर मोकळी जागा. ती रिकामी जागा इतकी मोजून ठेवलेली असते की मला ती कापडाच्या जमिनीसारखी वाटते, जिच्यावर बुट्टी कुठे बसवायची हे फार विचार करून ठरवलंय.

आता काम. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाच्या काठावर एकच जागा धर. सकाळी साडेसहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, तीन वेळा, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, वीस-वीस मिनिटं. काळा रंग घरी ठेव. मग तांब्या घे आणि त्याच्याभोवती फिरत एकाच कागदावर तीन जागांवरून काढ, पेन्सिलीने. सीईटी झाली की रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जा. सीएसएमटीवरून काळा घोडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि जहांगीर आर्ट गॅलरी दोन्ही तिथेच. काय मांडलंय ते बदलत असतं, पण जे असेल त्यातली फक्त चार चित्रं निवड आणि प्रत्येकासमोर दहा मिनिटं बस. बाबांनाही घेऊन जा.

आणि रविवारी माझ्याकडे येशील तेव्हा त्यांच्या कपाटातला मोराचा एखादा जुना ग्राफ आण, खाडाखोड केलेला असेल तर फारच चांगलं. कुठलं घर भरून पुन्हा खोडलंय, ते मला वर्गाला दाखवायचंय.